बारमाही ताटव्याची आखणी

जानेवारीच्या अखेरीस पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये फुलांचे प्रदर्शन भरते. तिथून परतणाऱ्या बहुतेकांच्या हातात पिटुनिया, पॅन्सी, डायंथस यांच्या रोपांच्या पिशव्या असतात. ही रोपे महिना-दीड महिना अंगण उजळून टाकतात. मार्चमध्ये ऊन तापू लागले की ती माना टाकतात आणि कंपाउंडच्या भिंतीलगतचा वाफा पुढच्या थंडीपर्यंत उघडा पडतो. हंगामी फुलझाडे मला आवडतात, पण रोज येता-जाता नजरेस पडणारी जागा केवळ त्यांच्या भरवशावर सोडू नये असे मनापासून वाटते. तिथे बहुवर्षायू झाडे हवीत. एकदा लावली की ती तीन-चार वर्षे त्याच मातीत राहतात, काही महिने फुलतात, काही महिने विसावा घेतात आणि वेळ आली की पुन्हा उठतात.

अशा ताटव्यात ऐन हंगाम भरणे सोपे असते. पावसाळ्यात काही ना काही फुलतेच, थंडीत तर विचारायलाच नको. अवघड असतात ते ऋतूंचे सांधे. मोगरा ओसरलाय आणि पावसाने अजून जोर धरलेला नाही, असे मेअखेर ते जूनमधले दिवस हा पहिला सांधा. पाऊस गेलाय, पण शेवंतीच्या कळ्या उमलायच्या आहेत, असा ऑक्टोबर हा दुसरा. शेवंती वाळलीय आणि मोगऱ्याला नुसती पालवी आहे, असा फेब्रुवारी-मार्च हा तिसरा. या तीन सांध्यांसाठी झाडे आधी ठरवायची आणि उरलेली जागा आवडीच्या फुलांना द्यायची, हे माझे सूत्र आहे. उदाहरणादाखल पुण्यातल्या एखाद्या बैठ्या घराच्या भिंतीलगतचा 20 फूट लांब आणि 5 फूट रुंद वाफा धरू.

भिंतीपुढे बहुवर्षायू फुलझाडांचा लांबट ताटवा करायची रीत इंग्लंडमध्ये बहरली. गर्ट्रूड जेकिल (1843–1932) यांनी सरे परगण्यात मन्स्टेड वुड इथल्या आपल्या बागेत केलेला मुख्य ताटवा 200 फूट लांब आणि 14 फूट रुंद होता. एवढी ऐसपैस जागा असूनही तो जुलैच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत भरलेला दिसावा, एवढीच अपेक्षा त्यांनी ठेवली होती. वसंतातल्या फुलांची सोय बागेत दुसरीकडे केली होती. त्यांच्याकडून घ्यावी ती मांडणीची युक्ती. एका जातीची झाडे त्या गोल पुंजक्यात न लावता तिरक्या, लांबट पट्ट्यात लावत. फुलून गेलेला पट्टा शेजारच्या पट्ट्यांआड दडतो आणि रिकामी जागा डोळ्यांत खुपत नाही. त्यांचे वेळापत्रक मात्र इथे चालणार नाही. तिकडची झाडे हिवाळ्याच्या गारठ्यात झोपतात. आपल्या पठारावर अनेक कंदवर्गीय झाडांची झोप डिसेंबरपासून मेपर्यंतच्या कोरड्या महिन्यांत असते. परदेशी पुस्तकांबरहुकूम केलेल्या बागा इथे रुसतात, त्या बऱ्याचदा याच कारणाने.

कोणते झाड कधी फुलते ही यादी पाठ करण्यापेक्षा ते कशामुळे फुलते हे समजून घ्यावे. मग यादी आपोआप लक्षात राहते. आपल्या बागांपुरती तीन कारणे मोठी आहेत: पाऊस, रात्रीची लांबी आणि पाण्याचा ताण.

पावसावर जागी होणारी झाडे बहुतेक कंदांची. फुटबॉल लिलीचा लाल गोंडा मे महिन्यात, वळवाच्या सरींच्या सुमारास जमिनीतून वर येतो. पाने मागाहून मोठी होतात. रेन लिली चांगल्या सरीनंतर चार-सहा दिवसांत एकदम फुलते. नळाचे थोडे थोडे पाणी रोज घालून तसा बहर येत नाही. आधी कोरडे दिवस आणि मग एकाएकी भरपूर ओल, असा बदल तिला लागतो. कळलावी, सोनटक्का, गुलबक्षी ही मंडळीही जमिनीत ओल मुरली की उठतात. मेअखेर-जूनचा अवघड सांधा फुटबॉल लिली आणि रेन लिली मिळून सांभाळतात, त्यामुळे या दोघींना ताटव्यात पहिला मान.

दुसरे कारण रात्रीचे. पुण्यात जूनमध्ये सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरमध्ये सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. फरक जेमतेम सव्वादोन तासांचा, पण शेवंतीच्या पानांना तो नेमका कळतो. पावसाळा सरताना रात्री लांबू लागल्या की ती वाढ आवरती घेते आणि शेंड्यांवर कळ्या धरते. लालपत्तीची पाने रंगतात तीही याच हिशेबाने. म्हणून ही दोन झाडे रस्त्याच्या किंवा फाटकावरच्या दिव्याखाली लावू नयेत. रात्रभर उजेड पडला तर त्यांना रात्र लांबल्याचे कळत नाही आणि बहर लांबतो. व्यापारी लागवडीत फुले उशिरा यावीत म्हणून रात्री मुद्दाम दिवे लावतात, ते याच गुणाचा उपयोग करून.

तिसरे कारण शेतकऱ्याला सांगायला नको. डाळिंब आणि संत्र्याच्या बागा पाणी तोडून ताणावर सोडतात, पानगळ झाली की खत-पाणी सुरू करून बहार धरतात. मोगऱ्याचेही तसेच आहे. डिसेंबरपासून त्याचे पाणी कमी करत न्यावे, जानेवारीच्या उत्तरार्धात झुडूप गुडघ्याएवढे छाटून उरलीसुरली पाने काढून टाकावीत आणि फेब्रुवारीत आळे उकरून, शेणखत घालून पाणी सुरू करावे. मोगऱ्याच्या कळ्या नव्या फुटीच्या टोकाला येतात. नवी फूट जितकी जास्त, तितक्या कळ्या जास्त. बारा महिने पाणी पाजून, कात्री न लावता वाढवलेला मोगरा हिरवागार राहतो, पण वेणीपुरतीही फुले देत नाही.

या तिन्ही कारणांची फारशी पर्वा न करणारीही काही झाडे आहेत. अबोली, सदाफुली आणि कर्दळ यांना ऊब आणि बेताचे पाणी मिळाले की ती वर्षातले बहुतेक महिने फुलत राहतात. फेब्रुवारी-मार्चचा सांधा यांच्यावर सोपवावा. जोडीला लाल लिली ठेवावी. थंडीत तिला कोरडे राहू दिले की मार्च-एप्रिलमध्ये तिचा दांडा कंदातून वर येतो.

आता उन्हाचा विचार. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो. या दोन दिवसांच्या दरम्यान तो माध्यान्ही किंचित उत्तरेकडे असतो. डिसेंबरच्या अखेरीस मात्र माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे झुकलेला, क्षितिजापासून सुमारे 48 अंशांवर असतो. तेव्हा 5 फूट उंच भिंतीची सावली उत्तरेकडे सुमारे साडेचार फूट पडते. म्हणजे भिंतीच्या उत्तरेला तिच्या पायथ्याशी केलेल्या 5 फुटी वाफ्यात जूनमध्ये लख्ख ऊन आणि डिसेंबरमध्ये जवळजवळ पूर्ण सावली. तिथे शेवंती लावली तर ती उजेडासाठी ताणत जाऊन लडबडते. तीच जागा सोनटक्क्याला मानवते, कारण त्याला पावसाळ्यात उजेड हवा असतो आणि थंडीत तो निजलेलाच असतो. जून महिन्यात जागा पाहून झाडे ठरवणाऱ्यांची इथे फसगत होते. जागा निवडायची तर डिसेंबरमधल्या दुपारी बारा वाजता तिथे उभे राहून पाहावे. आपल्या उदाहरणातला वाफा मी भिंतीच्या दक्षिणेला, म्हणजे थंडीत दिवसभर ऊन मिळेल असा धरला आहे. पश्चिमेकडे तोंड असलेली भिंत दुपारी तापते आणि अंधार पडेपर्यंत उष्णता सोडत राहते. तिथे अबोलीपेक्षा कोरांटी बरी.

मातीत कंजुषी करू नये. बहुवर्षायू झाडे लावल्यावर वाफा दरवर्षी खणता येत नाही, त्यामुळे जे करायचे ते सुरुवातीलाच. शहरातल्या प्लॉटवर वरचा थर बहुधा मुरूम आणि बांधकामाच्या राडारोड्याचा असतो. मे महिन्यात दीड फूट खोल खणून विटांचे तुकडे आणि सिमेंटचे गठ्ठे काढून टाकावेत. हरळीच्या आणि लव्हाळ्याच्या मुळ्या-गाठी हाताने वेचाव्यात. हे काम कंटाळवाणे आहे आणि सर्वांत महत्त्वाचेही हेच. शेवंतीच्या जुडीत एकदा लव्हाळा शिरला की तो काढण्यासाठी सगळी जुडी उपटावी लागते. पोयटा माती, चांगले कुजलेले शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड मिसळून वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सहा ते नऊ इंच उंच भरावा. काळी माती असेल तर त्यात वाळू किंवा बारीक मुरूम मिसळून निचरा आणखी सुधारावा, कारण श्रावणातल्या झडीत पाणी तुंबले की निशिगंधाचे आणि कळलावीचे कंद सडतात. कडेला विटा लावल्या तर दर दोन-तीन फुटांवर पाणी जायला फट ठेवावी. भिंत आणि झाडे यांच्यात एक फूट मोकळी जागा सोडावी. तिथून हात घालून छाटता येते आणि भिंतीला ओल लागत नाही.

लागवडीआधी एक तक्ता करावा. डाव्या बाजूला झाडांची नावे, वर बारा महिने, आणि ज्या महिन्यांत फूल येते ती घरे रंगवायची. मग तक्ता आडवा न वाचता उभा वाचायचा. एखाद्या महिन्याखाली एकच रंगवलेले घर असेल तर तिथे आणखी एक झाड हवे. ऑक्टोबरचा रकाना बहुधा रिकामा निघतो. तो निशिगंध, सोनटक्क्याची शेवटची फुले आणि कोरांटीची पहिली फुले यांनी भरतो. कोरांटीबद्दल मला थोडे आग्रहाने सांगावेसे वाटते. खत नको, फार पाणी नको, फवारणी नको. आणि पाऊस संपल्यापासून थंडी सरेपर्यंत ती फुलते. पिवळ्या कोरांटीला काटे असतात, त्यामुळे वाटेच्या कडेला जांभळी किंवा पांढरी लावावी. नर्सरीत तिच्याकडे फारसे कुणी बघत नाही, हे मला अन्यायाचे वाटते.

प्रत्यक्ष मांडणी अशी. भिंतीच्या बाजूला एका टोकाला कर्दळीची चार कांडी, मधे कोरांटीची दोन झुडपे आणि जे टोक दुपारनंतर सावलीत जाते तिथे सोनटक्क्याच्या तीन गड्ड्या. त्यांच्या पुढे मधल्या पट्ट्यात दोन मोगरे. मोगऱ्यांपासून दूर, कर्दळीच्या बाजूला शेवंतीची सात रोपे फूटभर अंतराने तिरक्या पट्ट्यात. शेजारी निशिगंधाचे पंधरा कंद नऊ इंचांवर. सोनटक्क्याच्या पुढ्यात अबोलीची पाच रोपे, म्हणजे थंडीत सोनटक्का कापून टाकल्यावर रिकामी जागा अबोलीमागे झाकली जाते. सर्वांत पुढे काठालगत रेन लिलीची सलग ओळ, आणि अधूनमधून लाल लिली व सदाफुली. प्रत्येक जातीचे एकेक रोप आणून लावायचा मोह टाळावा. वीस जातींचे वीस नमुने लावले की रोपवाटिका दिसते, ताटवा दिसत नाही.

मोगरा आणि शेवंती एकमेकांपासून दूर ठेवण्याचे कारण पाण्याचे. मोगऱ्याला ताण द्यायचा त्या डिसेंबरमध्ये शेवंती फुलांनी लदलेली असते आणि तिला पाणी लागते. शेजारी लावले तर दोघांपैकी एकाचे नुकसान ठरलेले. उलट मोगऱ्याच्या पायथ्याशी फुटबॉल लिलीचे चार-पाच कंद आणि कळलावीचा एक कंद सुखाने नांदतो, कारण या दोघींनाही डिसेंबर-जानेवारीत कोरडी झोपच हवी असते. तीन फुटांची ही जागा वर्षभर पाहण्यासारखी असते. मार्च ते मे मोगरा फुलतो. तो ओसरायला लागतो तेव्हा पायथ्याशी फुटबॉल लिलीचे गोंडे उघडतात. जूनमध्ये कळलावीचा कोंब वर येतो आणि मोगऱ्याच्या फांद्यांमधून वाट काढतो. तिला वेगळे ताणे नसतात. प्रत्येक पानाचे टोकच निमुळते होऊन वळते आणि शेजारच्या काडीला घट्ट विळखा घालते. भाद्रपदात गौरी येतात त्या सुमारास मोगऱ्याच्या हिरव्या झुडपावर तिची फुले दिसू लागतात. कळी खाली मान घालून असते. उमलताना सहाही पाकळ्या मागे वळून वर उभ्या राहतात, कडा लाटांसारख्या मुरडलेल्या असतात. आधी हिरवट पिवळ्या असलेल्या पाकळ्या दिवसागणिक शेंदरी आणि मग लाल होतात. कुक्षीवृंत तर मुळाशीच काटकोनात वळून फुलाबाहेर आडवा येतो. या रूपामुळेच तिला अग्निशिखा आणि गौरीचे हात अशी नावे मिळाली. दिवाळीनंतर वेल वाळते, आणि मोगरा छाटायची वेळ येते तेव्हा ती जमिनीखाली गेलेली असते.

कळलावीबाबत दोन सूचना पाळाव्यातच. तिचे सगळे भाग, विशेषतः कंद, विषारी आहेत. त्यात कोल्चिसिन असते. घरात लहान मुले किंवा माती उकरणारे कुत्रे असेल तर ती लावू नये, आणि कंद हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. दुसरे म्हणजे घाटातून, डोंगरातून कंद उपटून आणू नयेत. रानातली कळलावी औषधासाठी आधीच बेसुमार खणली गेली आहे. रोपवाटिकेतून आणलेला कंद आडवा, अलगद पुरावा. त्याच्या टोकाशी असलेला नाजूक कोंब मोडला तर त्या टोकाकडून पुन्हा फूट येत नाही.

लागवडीचा मुहूर्त मृगाचा. दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन वाफशावर आली की लावावे. चिखलात लावू नये. निशिगंधाचे कंद मात्र एप्रिल-मेमध्येच लावावेत, म्हणजे ऑगस्टच्या पुढे दांडे येऊ लागतात. सुवासासाठी साधा, एकेरी निशिगंध घ्यावा. दुहेरी फूल भरगच्च दिसते, पण वासात एकेरीच्या मागे आहे. शेवंतीचे शेंडे जुलैपासून दोनदा खुडावेत, म्हणजे ती पसरते आणि फुले वाढतात. ऑगस्टनंतर खुडू नये, नाहीतर कळ्याच हाताने काढून टाकल्यासारखे होईल. गणपतीच्या आसपास शेवंतीला आणि निशिगंधाला काठ्यांचा आधार द्यावा. परतीच्या पावसाने ती एकदा आडवी झाली की पुन्हा सरळ होत नाहीत. ऑक्टोबरच्या उन्हापूर्वी गांडूळखत घालून दोन-तीन इंच पालापाचोळ्याचे आच्छादन करावे आणि ते मेपर्यंत राहू द्यावे. शेवंती फुलून गेली की जमिनीलगत कापावी. बुडातून काश्या फुटतात, त्याच पुढच्या जूनमध्ये लावायच्या. सोनटक्क्याची पाने पिवळी पडेपर्यंत त्याला कात्री लावू नये, कारण त्या पानांतले अन्न खालच्या गड्ड्यात उतरत असते. हाच नियम सगळ्या कंदांना लागू आहे. वाळकी पाने वाईट दिसतात म्हणून घाईने कापली की पुढच्या वर्षी फूल कमी येते.

हे सारे पुण्याच्या, पठारावरच्या हवेचे झाले. कोकणात आणि गोव्यात पाऊस कितीतरी जास्त आणि जांभ्यात पाणी ठरत नाही. तिथे सोनटक्का, अबोली, पेव आणि अनंत यांच्यावर भर द्यावा, शेवंती कुंडीत ठेवावी. विदर्भातल्या उन्हाळ्यात अबोलीला आणि सोनटक्क्याला दुपारची सावली मिळालीच पाहिजे; मोगरा आणि कोरांटी तिथे तग धरतात.

पहिल्या वर्षी ताटवा विरळ दिसणार. मधल्या जागांत तेरडा आणि झेंडू पेरावेत, पण दाटी करण्यासाठी जास्तीची रोपे कोंबू नयेत. खरा भराव दुसऱ्या पावसाळ्यात येतो, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी गड्ड्या एवढ्या दाटतात की निशिगंध, कर्दळ, रेन लिली खणून, वेगळ्या करून पुन्हा लावाव्या लागतात.

वाचकांना एक विनंती आहे. मी दिलेले महिने तुमच्या गल्लीत पंधरवडाभर मागेपुढे होतील. माती, उंची आणि शेजारच्या इमारतीची सावली त्यांना हलवते. म्हणून रोपे विकत आणण्याआधी एक वही करा आणि दर रविवारी फिरून आसपासच्या अंगणांत काय फुलले आहे ते तारखेसह लिहा. ज्या आठवड्यात पान कोरे राहील, त्या आठवड्यासाठी पहिले झाड शोधा.